दुसरं कार्ड

माझ्या नातवाचं, ध्रुवचं बारसं झालं ते साल. दोन हजार तेवीस. लालबागची आमची चाळ, तिसरा मजला. या वयात खोटं लिहून मला काय मिळणार? उलट खरं लिहिलं तर शोभा माझीच होणार आहे.

शेजारच्या खोलीत माझी धाकटी जाऊ राहायची. नलू. पन्नाशी उलटल्यावर मला अक्षरं तिनंच शिकवली. पाटीवर, हात धरून.

पुढे सासूबाई गेल्या. तेराव्याला नलू चार माणसांत म्हणाली, "वहिनींनी शेवटचं पाणीसुद्धा पाजलं नाही."

आमच्या ह्यांनी दोन खोल्यांमधला दरवाजा विटांनी बुजवून टाकला.

आता दोघींचेही नवरे नाहीत. नलूची मुलगी मधुरा परदेशात. नलूच्या खोलीत मोबाईलला रेंज नाही, आणि गॅलरीत यावं तर गुडघे गेलेले.

माझा मुलगा शंतनु कॉम्प्युटरच्या लाइनीतला. त्यानं एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये वायफायची दोन कार्डं बसवली. एक आमच्या खोलीसाठी. दुसऱ्याची वायर झरोक्यातून नलूकडे सोडली. भिंत दीड हात जाड. एका कार्डाचं नेट तिकडे पोचत नव्हतं.

"आई, दोन्ही कार्डं आतून ब्रिजनं जोडलीत. घरं दोन, नेट एक. काकूला आता मधुरा रोज दिसेल."

कुठल्या कार्डावर कोण जोडलंय, ते माझ्या मोबाईलवर दिसायचं. मला वाचता यावं म्हणून त्यानं नावं मराठीत घातली होती.

कार्ड एक : आई, शंतनु.

कार्ड दोन : नलू.

मी ते चालू दिलं. पण एक दिवस नलू उंबऱ्यात बसून शेजारणींना म्हणाली, "भिंत बापानं घातली, पूल लेकानं बांधला. मधली म्हातारी तेवढी तशीच!"

सगळ्या हसल्या.

मी शंतनुला म्हटलं, "ते कार्ड आत्ताच्या आत्ता काढ."

"आई, काकू एकटी असते गं. अडीनडीला काय करेल?"

"तोंड आहे ना तिला? मारेल हाका."

त्यानं मशीन बंद करून कार्ड काढलं. वायरही ओढून घेतली. कार्ड माझ्या हातावर ठेवलं. "ठेव जपून. तुझंच आहे."

मी ते स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवलं. शंतनु सुनेला आणि बाळाला आणायला चिपळूणला गेला.

वसुबारस होती. दुपारचे तीन. मी चकल्या तळत होते. चाळीत ही गडबड...

आणि भिंतीपलीकडे काहीच नाही.

नलूचा टीव्ही नाही. कुकरची शिट्टी नाही. आठवलं, दोन दिवस काहीच ऐकू आलं नव्हतं.

मोबाईल हातात घेतला. सवयीनं ते पान उघडलं.

कार्ड एक : आई.

कार्ड दोन...

नलू.

वाटलं, पोरानं मला फसवलं. कपाट उघडलं. डबा काढला. झाकण निघेना, इतका डबा तापलेला. फडक्यानं धरून उघडला.

आत कार्ड होतं. नुसतं. ना वायर, ना वीज...

तेवढ्यात मोबाईल वाजला. नलूचा मेसेज.

मी एकेक अक्षर लावून वाचलं. तिनं शिकवलं होतं तसंच.

"वहिनी, पाणी."

मला तेरावा आठवला. ती चार माणसं आठवली. म्हटलं, मर.

मोबाईल पालथा घातला आणि पुढची चकली कढईत सोडली.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या तात्यांनी तिचं दार फोडलं. नलू मोरीपाशी पडली होती. हात माठाकडे.

मोबाईल बंद. बॅटरी संपलेली.

मधुरा आली. तिनं तो चार्ज केला आणि माझ्यापुढे धरला. "वहिनी, पाणी." अकरा वेळा. सगळे मंगळवारचे. नेट नाही म्हणून एकही गेलेला नव्हता.

मग गुरुवारी मला आला तो?

तो तिच्या मोबाईलमध्ये नव्हताच.

शंतनुला विचारलं. त्यानं डबा उघडून बघितला. म्हणाला, "कार्ड काढल्यावर त्याच्यावर कुणी जोडू शकत नाही, आई." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

मशीन त्यानं भंगारात दिलं. डबा अजून कपाटात आहे. दुपारी तीनला मी त्याला हात लावून बघते. रोज वाटतं, आज गार असेल...

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ते मी स्वतः वाचलं. नलिनी गुरुदत्त परुळेकर, वय त्रेसष्ट. मृत्यू बुधवार, आठ नोव्हेंबर दोन हजार तेवीस, सकाळी.

वसुबारस गुरुवारी होती.