तीन सिलिंडरची गाडी

या, असे पुढे सरका. खांबाला टेकलात तरी चालेल, पण जवळ या; ही हकीकत मोठ्याने सांगण्यासारखी नाही. बुवा अजून पाय धुताहेत, पेटीवाला चहा पितोय. तोवर एका गाडीची गोष्ट सांगतो. भुताखेतांची म्हणून ऐकू नका. मी तंत्रनिकेतनात मुलांना कार्यशाळा शिकवली. देवाला मी रोज हात जोडतो आणि यंत्राला पाना लावतो, या दोन्हींत माझी कधी गल्लत झाली नाही. जे झालं ते माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, भर दुपारी झालं.

माझी थोरली बहीण यमुनाताई कीर्तन करायची. देवरूखपासून सावर्ड्यापर्यंत तिला बोलावणी यायची. उभी राहिली की बायका पदर सावरून बसायच्या आणि पोरं आपोआप गप्प व्हायची. तिला लहानपणापासून दमा. हे माझ्याखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तिच्या मागे झांज घेऊन मी उभा असायचो. ओळ संपली की ती मान किंचित डावीकडे वळवायची. मी झांज वाजवायचो आणि त्या आवाजाआड ती श्वास घ्यायची. तीन आखूड, चौथा लांब, त्याच्या शेवटी बारीक शीळ. लोकांना वाटे, काय रंग भरतात ही भावंडं. मी तिचा दम झाकत असे.

तिचे यजमान आत्माराम, आमचे भावजी. मुंबईची नोकरी सोडून आले तेव्हा येताना मारुती घेऊन आले. तेव्हा रत्नागिरीत अशा गाड्या मोजक्याच. ताईला तेच गावोगाव घेऊन जायचे. लोक ताईच्या पाया पडायचे आणि भावजींना म्हणायचे, "ड्रायव्हरदादा, गाडी जरा सावलीत घ्या." भावजी हसायचे. ते हसू मी तेव्हा साधं समजलो.

अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात देवरूखचं कीर्तन आटोपून दुसऱ्या दिवशी दोघं परत निघाली. हातखंब्याच्या अलीकडे, चढावर, ताई गाडीतच गेली.

भावजींनी सांगितलं, इंजिनाचा पट्टा तुटला. गाडी जागच्या जागी बंद पडली, तिला धाप लागली, म्हणून ते वाहन शोधायला चालत गेले. ट्रक घेऊन परत आले तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर दोन वळणं पुढे होता. सगळे हळहळले. माझा विश्वास सगळ्यांत आधी बसला, कारण दिवाळीतच मी त्यांना बजावलं होतं, "भावजी, पट्टा बदलायला आलाय." इंजिनाच्या खालच्या आणि वरच्या भागाला एका तालात ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. तुटला की इंजिन मुकं. त्यांनी हयगय केली याचा मला राग होता. तेवढाच राग होता तेव्हा.

गाडी टेम्पोला दोर बांधून आणली आणि आमच्या खळ्यात ठेवली. किल्ली भावजींनी स्वतःकडे ठेवली. शिमग्याच्या सुमाराला ते म्हणाले, सावर्ड्याचा एक जण गाडी घेतोय, पुन्हा दोर बांधून नेईल.

"ताईची गाडी मी दोराने ओढू देणार नाही," मी म्हटलं. "ती स्वतःच्या चाकांवर जाईल. पट्टा मी घालतो."

"कशाला रे त्रास, विठू? तो बघून घेईल त्याचं."

"त्रास कसला. चार बोल्ट काढायचे."

"नको म्हणतोय ना मी."

मी ऐकलं नाही. कोल्हापूरहून एस्टीच्या पार्सलने नवा पट्टा मागवला. गावात पालखी होती त्या दिवशी जेवण झाल्यावर कामाला बसलो. आमचं घर मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला. एरवी खालून लाँचींची धडधड आणि बर्फाच्या कारखान्याची घरघर चालू असते. त्या दिवशी बंदर गप्प होतं. उन्हात सुकटीचा वास, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर कावळा, दूर कुठेतरी ढोल. भावजी किल्ली द्यायला म्हणून आले आणि ओटीवर सुपारी कातरत बसले. गेले नाहीत.

पुढचं चाक काढलं. तीन प्लग काढून कागदावर ओळीने ठेवले, म्हणजे इंजिन हाताने फिरवायला हलकं जातं. मग पट्ट्यावरच्या झाकणाचे बोल्ट सोडवले आणि झाकण बाजूला केलं.

पट्टा जागेवर होता.

तुटलेला नव्हता. मी बोट फिरवून पाहिलं, एकही दात झडलेला नव्हता. जुना झाला होता, कडा थोड्या चकाकत होत्या, पण आणखी कितीतरी दिवस चालला असता. मी उकिडवा बसून त्याच्याकडे पाहत राहिलो. मागे अडकित्त्याचा आवाज थांबला होता.

रागाने माझ्या कानांत गुणगुण सुरू झाली होती, आणि राग आला की मी हातातलं काम करत राहतो. पुलीच्या बोल्टला पाना लावला, खुणा जुळवण्यासाठी इंजिन सावकाश फिरवू लागलो.

प्लग काढलेलं इंजिन फिरवलं की दट्ट्या वर येतो आणि भोकातून हवा बाहेर पडते. फुस्स. गाडी तीन सिलिंडरची. दोन फेऱ्यांत असे तीन जोरकस फुसकारे येतात. मुलांना मी हे फळ्यावर काढून शिकवलंय.

फुस्स. फुस्स. फुस्स.

आणि मग एक लांब, सावकाश.

मी थांबलो. कुठेतरी झडप गळत असेल. पुन्हा दोन फेऱ्या दिल्या. तीन आखूड, एक लांब. लांबाच्या शेवटी बारीक शीळ.

आतून सावित्री, माझी बायको, हात पुसत दारात आली. "अहो, कुणाला दम लागलाय?"

"कुणाला नाही. इंजिन आहे."

"इंजिन?" ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

मी प्रत्येक भोकावर अंगठा धरून पाहिलं. तिन्हींतून हवा अंगठ्याला लागत होती. चौथा श्वास आला तेव्हा अंगठ्याला काहीच लागलं नाही. मग मी तिन्ही प्लग परत घट्ट बसवले. आता एकाही भोकातून वारा बाहेर यायला जागा नव्हती. दोन्ही हातांनी जोर लावून पाना फिरवला. इंजिन जडपणे फिरलं. फुसकारे बंद झाले होते.

चौथा आला.

तो इंजिनातून नव्हता. गाडीच्या आतून होता. डावीकडच्या सीटकडून, जिथे ती बसायची.

"विठू, पुरे कर," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "सावित्री, जरा रेडिओ लाव."

"सेल संपलेत, भावजी."

"मग काहीतरी वाजव रे. ती तुझी झांज आण."

झांज. हे ऐकलं आणि माझ्या कानांतली गुणगुण थांबली. वीस-बावीस वर्षं मी तिचा श्वास झाकला होता. तो लोकांना ऐकू येऊ नये म्हणून.

मी पाना पुन्हा बोल्टला लावला.

"पट्टा तुटलेला नाही, भावजी."

त्यांनी अडकित्ता मिटला.

"या. बघा इकडे. हात लावून बघा."

"मला यातलं काय कळतंय?"

"त्या दिवशी किल्ली कुणाच्या खिशात होती?"

मी पाना फिरवला. श्वास आला. फिरवला. आला. मला थांबता येत होतं, पण मी थांबलो नाही. त्यांनी ऐकावं म्हणून मी फिरवत राहिलो. हाताची सालटं निघाली.

"मी येणारच होतो परत," भावजी म्हणाले. "बसू दे म्हटलं थोडा वेळ एकटी. सगळ्या देवरूखासमोर मला ड्रायव्हर म्हणाले, आणि ती हसली. गाडी लावली, किल्ली घेतली. एकदा कळू दे म्हटलं, कुणामुळे फिरते ती."

"धाप लागली होती तिला?"

"तिला नेहमीच लागायची."

"तेव्हा लागली होती?"

सुपारीचं खांड त्यांच्या हातातून खाली पडलं.

"हाक मारत होती," ते म्हणाले. "वळणापर्यंत ऐकू येत होती."

मी पान्यावरचा हात काढला.

श्वास थांबला नाही.

इंजिन स्थिर. पाना बोल्टला लोंबतोय. माझे हात माझ्या मांडीवर. आणि तीन आखूड, एक लांब. मग हाक मारायच्या आधी घेतात तसा एक, अर्धवट, तुटलेला.

मग काही नाही. ढोलही थांबले होते.

भावजी उठले. खळ्यातून गाडीच्या बाजूने जायला वाट होती, ते लांबून, गडग्याच्या कडेने गेले.

मी जुना पट्टा काढला. नवा घातला, खुणा जुळवल्या, झाकण लावलं. संध्याकाळी किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. साधी, स्वच्छ, तीन सिलिंडरची. ती मग विकली नाही, माझ्याकडेच राहिली; नंतर मी ती देवरूखला नेली, सावर्ड्याला नेली, पुष्कळ फिरवली. तिच्यात पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही.

पोलिसांकडे गेलो होतो. हवालदार भला माणूस. म्हणाला, "मास्तर, नवरा किल्ली घेऊन चालत गेला, याचं मी काय लिहू?" खरंच आहे, काय लिहिणार. पांडुरंगापुढे उभा राहतो तेव्हा मी तोच प्रश्न त्याला विचारतो, आणि नीट स्वरात विचारत नाही. प्रसादाचा हात पुढे करतानाही माझी मूठ वळलेली असते. तो समजून घेत असेल. नसेल घेत तर त्याचं त्याच्यापाशी.

भावजी आहेत अजून. तुम्ही मागे वळून बघू नका. शेवटच्या खांबाशी, पांढरी टोपी. कीर्तनाला या म्हणून त्यांना कुणी सांगत नाही, तरी एकही चुकवत नाहीत. त्यांच्या आजूबाजूला माणसं बसत नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेलच. प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टरांनी दोनदा छाती तपासली, दमा नाही म्हणाले.

बुवा आले बघा. आता गप्प बसू.

एवढंच करा माझ्यासाठी. बुवा ओळ संपवून थांबतील. त्या जागी मी पूर्वी झांज वाजवायचो. आता इथे कुणी वाजवत नाही, ती जागा आम्ही मोकळी ठेवतो. त्या शांततेत मागच्या खांबाकडून तीन श्वास ऐकू येतील, ते भावजींचे.

चौथा आला की माझ्या यमुनाताईची आठवण काढा.