थोरलीचा ड्रॉवर

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांना खुशाल वाटू दे. पण घडलं ते अगदी असंच घडलं.

ज्या बाईच्या बाबतीत घडलं, ती भुताखेतांची नावं घेणारी नाही. लॅपटॉप दुरुस्त करते. मीटर लावून पाहिल्याशिवाय ती वायरीवरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

आणि हे काही रात्री-अपरात्री घडलेलं नाही. बुधवार होता. भर दुपार. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

दुकान दोन बहिणींचं. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. एका लांब टेबलावर दोघी शेजारी बसून काम करायच्या. आठ महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि थोरली चार दिवसांत गेली.

दुकानाची एक रीत होती. मशीन दुरुस्त झालं की कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडायचा. त्यावर पेन्सिलीने तारीख, केलेलं काम, पुढची सूचना आणि खाली आपलं नाव लिहायचं. मग ती पट्टी लॅपटॉपच्या तळाच्या झाकणाला आतून चिकटवायची.

झाकण लावायचं काम मात्र थोरलीचं. शेवटची तपासणी तिची, स्क्रू पिळणार ती आणि गिऱ्हाइकाच्या हातात मशीन देणारही तीच.

त्यामुळे नाव व्हायचं तेही तिचंच.

धाकटीच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोला, चांगलंच दुखायचं. वाटलं होतं, थोरली गेल्यावर तरी हे थांबेल. पण मेलेल्या म्हशीला मणभर दूध! जो येईल तो म्हणायचा, "मोठ्या ताईंच्या हाताची सर कुणाला नाही." घरी आईचंही तेच.

शेवटी धाकटीने एक उद्योग सुरू केला. जुनं मशीन परत आलं की आतली थोरलीची पट्टी काढून फेकायची आणि स्वतःची लावायची.

शेकड्यांनी मशिनं हाताखालून जातात. कोणतं कुणी केलं हे कोण लक्षात ठेवतो? पट्टी सांगेल ते खरं.

आणि पट्टी प्रत्येक वेळी थोरलीचीच निघायची. आपली चुकूनसुद्धा दिसायची नाही. आपण एवढी वर्षं नुसत्या खुर्च्याच गरम केल्या की काय, असं धाकटीला वाटू लागलं होतं.

त्या बुधवारी सकाळी ड्रिल मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले. आता रोज दुपारी आपल्या जाडजूड गेमिंग लॅपटॉपवर विमान उडवत बसायचे. आत धूळ साचली होती, तेवढी काढायची होती.

"मोठ्या ताईंनी केलेलं मशीन आहे," मास्तर म्हणाले. "तीन वर्षांत शिंकलंसुद्धा नाही. जरा जपून हं, धाकट्या ताई. शुक्रवारी नेतो."

जरा जपून!

धाकटीने झाकण उघडलं. आत पट्टी होतीच.

'फर्मवेअर अपडेट करू नये. ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर बदलू नये. – थोरली.'

फर्मवेअर म्हणजे मशीनला जागं करणारा, आतल्या चिपमधला प्रोग्रॅम. तो नवा घालावा की नाही, हेही आता मेलेल्या माणसाने सांगायचं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

तिने पट्टी ओरबाडून काढली. धूळ काढली. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, फर्मवेअर अपडेट केलं. स्क्रीनवर चित्रं दाखवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हरही नवा टाकला. निव्वळ जिरवायला.

कुणाची, ते तिचं तिलाच ठाऊक.

विमानाचा गेम लावला. विमान उडालं. दहा मिनिटं छान चाललं.

अकराव्या मिनिटाला…

स्क्रीन काळी. पंखा जोरात घोंघावला आणि सगळं बंद पडलं.

पुन्हा चालू केलं. पुन्हा अकराव्या मिनिटाला बंद.

तिने सेफ मोडमध्ये जाऊन नवा ड्रायव्हर मुळापासून काढला, जुना घातला. तेच. फर्मवेअर मागे न्यायला गेली, तर कंपनीने ती वाटच बंद करून ठेवलेली. जुन्या फर्मवेअरची प्रत फक्त एका ठिकाणी असणार. थोरली प्रत्येक मशीनची प्रत आधी काढून ठेवायची, आपल्या ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर.

ड्रॉवरला कुलूप होतं. थोरली गेल्यापासून किल्ली सापडली नव्हती. कुलूप फोडणं दोन मिनिटांचं काम होतं, पण धाकटीने आठ महिने हात लावला नव्हता. तिच्यावाचून माझं अडत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

आता अडलं होतं, तरी कुलपाकडे हात जात नव्हता. मास्तर गावभर सांगणार. थोरलीने राखलेलं मशीन धाकटीने घालवलं, हा शिक्का कायमचा कपाळावर बसणार.

एक वाजता तिने झाकण उघडून बॅटरीची वायर काढली. स्क्रू डब्याच्या झाकणात टाकले, शटर ओढलं आणि जेवायला घरी गेली.

"एवढं काय अवघड आहे?" आई ताट वाढता वाढता म्हणाली. "थोरली असती तर एव्हाना देऊन मोकळी झाली असती."

"थोरली नाहीये, आई."

"तेच तर म्हणते मी."

धाकटी अर्ध्या जेवणावरून उठली.

दुकानात आली. शटर वर केलं. टेबलाशी गेली…

स्क्रू डब्याच्या झाकणात नव्हते.

लॅपटॉपभोवती मांडलेले होते. ज्या भोकाचा जो स्क्रू, तो त्याच्या समोर. सगळे ओळीत.

अशी मांडणी थोरली करायची. धाकटीने जन्मात कधी केली नव्हती.

सवयीने आपणच केलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. वायर जोडून मशीन चालू केलं आणि बिघाडांची नोंद उघडली. एक ते दोनच्या दरम्यान मशीन पाच वेळा चालू झालं होतं.

बॅटरी काढलेली असताना.

तेवढ्यात शेजारून आवाज आला…

चर्र…

चिकटपट्टी सोलल्याचा आवाज. थोरलीच्या रिकाम्या खुर्चीकडून.

पट्टीचा रोल खिळ्याला टांगलेला होता. जरासुद्धा हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती जेवायला गेलीच नाही. एक वाजता शटर आतून ओढलं, बॅटरी काढली, चार्जर काढला आणि समोर बसून राहिली.

वीस मिनिटं काहीच नाही.

मग बाहेरची रहदारी ऐकू येईनाशी झाली. आधी हॉर्न गेले, मग माणसांचे आवाज. घड्याळाची टिकटिकही गेली.

आणि तिच्या कानाजवळ…

फू…

कुणीतरी लॅपटॉपच्या आतल्या बोर्डावर फुंकर मारली. बोर्डावरची बारीक धूळ उडताना तिला स्पष्ट दिसली. थोरलीची ही खोड. फुंकरीने बोर्डावर ओलावा बसतो म्हणून धाकटी तिच्यावर कितीदा तरी खेकसली होती.

भीती वाटायला हवी होती. तिला राग आला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "माझं काम आहे हे. गिऱ्हाइकं तुझी, आई तुझी, नाव तुझं. मेलीस तरी तुझंच. दुकान तरी मला राहू दे."



लॅपटॉपचा पंखा हळूच फिरू लागला.

बॅटरी शेजारी पडलेली. चार्जर भिंतीपाशी. तरी स्क्रीन उजळली. विमान उडालं. दहा मिनिटं… अकरा… बारा… अर्धा तास उडत राहिलं.

धाकटीने फर्मवेअरचा क्रमांक पाहिला. जुना होता. ड्रायव्हरही जुना.

तिला जे दोन दिवसांत जमलं नाही, ते कुणीतरी बसल्या जागी करून दाखवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भीतीचं नव्हतं.

मग खट् असा आवाज झाला. थोरलीचा ड्रॉवर बोटभर उघडला होता. किल्ली कुलपातच होती.

आत पेनड्राइव्ह होता. आणि बाकी ड्रॉवर पट्ट्यांनी भरलेला होता. कागदी चिकटपट्टीचे तुकडे, एकावर एक, नीट रचलेले. पेन्सिलीचं अक्षर.

तिचं स्वतःचं.

'कूलिंग पेस्ट बदलली. – धाकटी.' 'चार्जिंगचा पिन नवा बसवला. – धाकटी.' 'मदरबोर्ड दुरुस्त केला. – धाकटी.' गेल्या दहा वर्षांतल्या. ज्यांच्यासाठी गिऱ्हाइकं थोरलीच्या नावाने गहिवरायची, ती सगळी कामं.

बरीच खाली एक सापडली. तीन वर्षांपूर्वीची तारीख.

'फर्मवेअर अपडेट करू नये. ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर बदलू नये. – धाकटी.'

मास्तरांचं मशीन तिनेच दुरुस्त केलं होतं. आपल्याच सूचनेवर ती चिडली होती.

झाकण लावताना थोरली रोज हेच करत होती. धाकटीची पट्टी काढायची, तेच शब्द स्वतःच्या हाताने लिहायचे, खाली आपलं नाव घालायचं. मग काढलेली पट्टी टाकून न देता जपून ठेवायची.

म्हणजे जळत होती ती एकटी धाकटी नव्हती.

धाकटीला वाटलं, थोरली माफी मागायला आली होती. म्हणून तर ड्रॉवर उघडला. तिचा सगळा राग विरघळला. रिकाम्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली, "वेडी गं तू."

बाहेरचे हॉर्न पुन्हा ऐकू येऊ लागले.

शुक्रवारी तिने नवी पट्टी लिहिली. सूचना तीच, खाली 'धाकटी'. नखाने घट्ट दाबून बसवली. झाकण स्वतः लावलं, स्क्रू स्वतः पिळले.

"अगदी मोठ्या ताईंसारखं झालंय," मास्तर म्हणाले.

आठ महिन्यांत पहिल्यांदा ती हसली.

पुढच्या पंधरवड्यात मास्तर पुन्हा आले. स्क्रीनची बिजागरी ढिली झाली होती. मध्ये कुणी मशीन उघडलं का, तर नाही, कुणीच नाही.

धाकटीने झाकण उघडलं…

आत पट्टी होती. पेन्सिल ताजी, बोट लावलं तर काळं येत होतं. तारीख त्याच शुक्रवारची.

खाली नाव थोरलीचं.

तिने वळून ड्रॉवर ओढला. कुलूप लागलेलं होतं. किल्ली कुठेच नव्हती.

अजूनही सापडलेली नाही. कुलूप तिने अजून फोडलेलं नाही. आत काय आहे हे तिला ठाऊक आहे, आणि आता त्यात एक पट्टी जास्त आहे हेही.

दुकान जोरात चालतं. ती रोज पट्टी लिहिते, नाव दोनदा गिरवते, झाकण लावते. मग दुपारी एकला शटर ओढताना क्षणभर थांबते.

आतून आवाज येतो…

चर्र…