हँडबिलावरची अकरावी बाई

शनिवारी सकाळी वच्छलाबाई दवाखान्याचं कुलूप काढायला आल्या, तर पायरीवर कमल बसलेली. शेजारी लुगड्याचं गाठोडं. शनिवार काही सुईचा दिवस नव्हता. बाया यायच्या त्या मंगळवारी, धुळ्याच्या बाजाराचं निमित्त सांगून.

"काय गं, आज कशी?"

कमलने कमरेला खोचलेला गुलाबी कागद काढून पुढे केला.

"अक्का, बठ्ठा गावनी वाची लिधं. माले घरमा येऊ देतस नई. आंडोरले भेटू देतस नई."

तिचा आंडोर, म्हणजे मुलगा, तीन वर्षांचा होता.

कागद मंडळाचाच होता. पांझरा सेवा मंडळाच्या दहाव्या वाढदिवसाचं हँडबिल. पुढच्या पानावर सभेची वेळ, वक्ते, पाहुणे. वच्छलाबाईंनी तो उलटा केला. मागे ठळक अक्षरांत छापलं होतं: 'मंडळाच्या उपचाराने महारोगातून बऱ्या झालेल्या भगिनी'. खाली अकरा नावं. चौथं नाव होतं, 'सौ. कमलबाई वना पाटील, सोनगीर'. सोनगीरच्या मास्तरने ते चावडीवर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. शिकलेल्या माणसाला तेवढी अक्कल नको?

वच्छलाबाईंनी कुलूप न काढताच यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

हे साल एकोणीसशे पस्तीस. महारोग म्हटलं की माणसाचं ताट वेगळं, वाट वेगळी. मंडळाच्या दवाखान्यात कडूकवठीच्या तेलाची सुई मिळायची, वर्ष-दोन वर्षं घेतली की चट्टे विरायचे. पण बाया यायच्या त्या एका शब्दावर: नाव या चार भिंतींबाहेर जाणार नाही. मंडळाने तसा ठरावच केला होता. आता तो शब्द गुलाबी कागदावर छापून गावोगाव वाटला गेला होता.

दुपारपर्यंत सगळ्या धुळ्याने निकाल लावून टाकला: नावं वच्छलाबाईंनीच फोडली. रुग्णांची वही एकच, कपाट एकच, किल्ली वच्छलाबाईंच्या कमरेला. आणखी काय हवं? मंगळवारी दहा वाजता बैठक, आणि तिथे त्यांना काढून टाकायचं, असंही ठरलं म्हणे.

वच्छलाबाई वही पदराखाली घेऊन तडक तोताराम नानांच्या घरी गेल्या.

तोताराम नाना म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, मंडळाचे जुने सभासद. तीस वर्षं पत्ते वाचून डोळे अधू झाले, पण चिकित्सकपणा गेला नाही. स्वभावाने तिखट. चुकीचा पत्ता लिहिणाऱ्या माणसाला ते टपालखिडकीतूनच झापत असत.

"रडू नकोस," नाना म्हणाले. "आधी सांग, वहीत बाया किती?"

"दहा."

"हँडबिलावर अकरा."

"तेच कळत नाही मला. आणि नाना, त्यातल्या निम्म्या मला ओळखूच येईनात. ही लताबाई कोण, मंदाबाई कोण? गावंही जुळत नाहीत. कमलचं नाव कळलं ते ती समोर बसली होती म्हणून."

नानांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वही दाखव."

"नाही दाखवता येणार. ठराव आहे."

"अगं बाई, मंगळवारी तुझी गच्छंती आहे!"

"असू दे. कमलची तेवढी नोंद वाचते, तिची हरकत नाही." वच्छलाबाईंनी वही आडवी धरून वाचलं, "कमल, कौतिक पाटलांची लेक, दोंडाईचा. डाव्या दंडावर चट्टा. सुया चौतीस."

"बाकीच्याही अशाच लिहिल्यात?"

"हो. त्या सांगतात तसं लिहिते. खोदून विचारत नाही."

"त्या तुझ्याकडे येतात कशा?"

"गावात अभिमनभाऊंची सभा झाली की येतात. भाऊंची चिठ्ठी असते हातात."

नाना 'हं' म्हणाले आणि पायांत वहाणा सरकवल्या.

छापखान्याचा मालक जहांगीर शाईचे हात पुसत बाहेर आला. नानांना पाहून त्याचा चेहराच उतरला.

"नाना, खुदा कसम, मला काय ठाऊक! मंडळाचा लखोटा दाराच्या फटीतून टाकलेला होता. आत यादी, वर मंडळाचा गोल शिक्का. 'मागच्या पानावर घालावे' असं लिहिलेलं."

"अक्षर कुणाचं?"

"वेडंवाकडं. डाव्या हाताने लिहावं तसं. जुळाऱ्याने कागदाचे तुकडे करून अक्षरांचे खिळे जुळवले, तुकडे गेले केरात."

"प्रूफ कुणाला दाखवलंस?"

"अभिमनभाऊंना. पुढच्या पानावर त्यांनी सतरा दुरुस्त्या केल्या. दोनदा परत पाठवलं."

"आणि मागचं पान?"

"मागचं पाहिलं नाही. म्हणाले, मंडळाचाच मजकूर आहे ना, छाप."

शिक्का मंडळाच्या टेबलावर उघडा पडलेला असे. तो कुणीही उमटवावा. नानांनी जहांगीरच्या पाठीवर थाप मारली आणि निघाले.

अभिमनभाऊ मंडळाच्या कचेरीतच भेटले. काय माणूस होता! पांढरी टोपी, गोड गळा, सभेत उभा राहिला की बाया पदराने डोळे पुसत. मंडळ म्हणजे काय हे खानदेशाला कळलं ते या माणसाच्या तोंडून.

"नाना, मला झोप नाही हो," भाऊ म्हणाले. "अक्कांनी नऊ वर्षं मला भाऊबीजेला ओवाळलंय. त्यांच्याविरुद्ध बोलू कसा? पण वही त्यांच्याच ताब्यात. उत्सव नकोच म्हणत होत्या त्या. रागाच्या भरात माणूस काय करील, सांगता येतं का?"

"चिठ्ठ्या तुम्ही देता?"

"देतो. नुसतं 'बाईस तपासावे' एवढंच. नाव घालत नाही."

"बाया तुम्हाला सांगतात कशा? चारचौघांत?"

"छे! सभा झाली की गावात कुणाकडे तरी जेवण असतं. वाढता वाढता बाई हळूच दंड दाखवते, भाऊ, हे काय असेल?"

"दवाखान्यात फिरकता की नाही?"

"मी पुरुषमाणूस. बाया संकोचतील."

नानांनी मान डोलवली. "उत्सवाला पाहुणे कोण?"

"लोकल बोर्डाचे साहेब. मनात आणलं तर दवाखान्याला स्वतःची इमारत देतील. पण म्हणतात, भाषणं पुष्कळ ऐकली, बरी झालेली माणसं दाखवा. आता हे असं झालं! कुठल्या तोंडाने सभा घेऊ?"

सोमवारी नाना आगगाडीने पाचोऱ्याला गेले. हँडबिलावरचं अकरावं नाव होतं, 'सौ. बेबाबाई तुकाराम महाजन, पाचोरा'. पाचोऱ्यात नानांनी तरुणपणी सहा वर्षं टपाल वाटलं होतं, म्हणून त्यांनी आधी तेच नाव धरलं; घर विचारावं लागलं नाही.

दार बोटभर उघडलं.

"बाई, धुळ्याच्या मंडळाकडून आलो. सुया किती घेतल्या?"

"कसल्या सुया?" आतून आवाज आला. "धुळं मी आजवर पाहिलं नाही. दंडावर चट्टा होता, तो गजकर्णाचा निघाला, मलमाने गेला. तुमच्या कागदानं माझ्या लेकीची सोयरीक मोडली. जा इथून!"

दार बंद झालं. नाना उन्हातून स्टेशनकडे निघाले. त्यांना उलगडा झाला होता, आणि त्याचा आनंद मात्र अजिबात झाला नाही.

मंगळवारी दहाला दवाखान्याला लागूनच्या कचेरीत बैठक भरली. मध्ये अध्यक्ष चुडामणआबा, उजवीकडे अभिमनभाऊ, समोर वच्छलाबाई. दवाखान्याच्या दाराशी कमल भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवस ती तिथेच राहत होती. सुईचा दिवस असूनही दुसरी एकही बाई आली नव्हती.

"आबा, ठराव मांडण्याआधी मला बोलू द्या," नाना म्हणाले. "ही यादी वच्छलाबाईंच्या वहीतून गेलेली नाही."

"कशावरून?"

"आबा, आपल्या घरातली बाई कधी नवऱ्याचं नाव घेते का?"

"काहीतरीच काय!"

"तर मग वहीत ते येईल कुठून? वच्छलाबाई विचारतात, नाव काय, तर बाई सांगते अमक्याची लेक, अमकं माहेर. कमलची नोंद मी ऐकली. कौतिक पाटलांची लेक, दोंडाईचा. आणि हँडबिलावर काय? वना पाटील, सोनगीर. सगळी यादी अशीच, नवऱ्याच्या नावाची आणि सासरच्या गावची, लग्नात नाव बदललेल्यांचं तर पहिलं नावही सासरचंच. वच्छलाबाईंना निम्मी नावं ओळखता आली नाहीत ती त्यामुळेच. ज्याने यादी केली, त्याला या बाया वहीतून माहीत नव्हत्या, घरांवरून माहीत होत्या."

आबा पुढे सरकले. "गावातल्या कुणीही सांगितलं असेल."

"एका गावातलं एक नाव सांगेल. निरनिराळ्या गावांतली अकरा घरं कोण सांगणार? त्या सगळ्या घरांत जेवलेला माणूस."

अभिमनभाऊ हसले. "नाना, जेवणं तर माझी झाली. म्हणून काय मी—"

"भाऊ, एकच विचारतो. पाचोऱ्याची बेबाबाई. तिला गुण आला का?"

"आला तर! पहिल्या वर्षीच आला."

"यायची नेमाने?"

"दर मंगळवारी."

"तुम्ही पाहिलंत?"

भाऊ डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

"ती एकदाही आली नाही," नाना म्हणाले. "तिला रोगच नव्हता. वहीत ती नाही, म्हणून वहीत दहा. तुमच्या मनातल्या हिशेबात मात्र अकरा, कारण चिठ्ठ्या तुम्ही अकरा दिल्या होत्या. चिठ्ठी दिली की बाई आली, आणि आली की बरी झाली, असंच तुम्ही धरून चाललात. पुढच्या पानात सतरा चुका काढणारा माणूस मागचं पान न वाचताच छापायला सांगतो? मागच्या पानावर काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, भाऊ. साहेबांना बरी झालेली माणसं दाखवायची होती. ठराव आड येत होता, वच्छलाबाई आड येत होत्या. म्हणून डाव्या हाताने यादी लिहिलीत. आणि गावं पेटल्यावर बोट दाखवलंत ते ओवाळणाऱ्या बहिणीकडे!"

भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला वाटलं, बऱ्या झाल्या म्हटल्यावर लोक कौतुक करतील," ते पुटपुटले. "इमारत मिळाली असती. शंभर बाया बऱ्या झाल्या असत्या. मंडळासाठीच केलं, अक्का."

"आणि माझं नाव?" वच्छलाबाईंनी विचारलं. "तेही मंडळासाठीच घेतलंत? पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं असतंत तर मी तुमच्याबरोबर दारोदार पाया पडले असते. तुम्ही मात्र मला चोर ठरवून मोकळे झालात."



आबा खाकरले. "झालं ते फार वाईट झालं. पण वच्छलाबाई, जरा विचार करा. भाऊ म्हणजे मंडळाचं तोंड. त्यांचं नाव बाहेर गेलं तर मंडळच संपलं. तुम्ही प्रकृतीचं कारण देऊन सहा महिने बाजूला झालात, तर हे चार भिंतींत राहील."

"चार भिंती!" वच्छलाबाई ताडकन उठल्या. "माझ्या बायांसाठी नव्हत्या, त्या आता भाऊंसाठी आठवल्या? आबा, लिहा इतिवृत्तात. नावं अभिमनभाऊंनी दिली. लिहा, नाहीतर बाजारात उभी राहून मी सांगते."

आबांनी नानांकडे पाहिलं. नानांनी दौत पुढे सरकवली. नाइलाजाने आबांनी टाक उचलला.

अभिमनभाऊ उठले आणि कमलपाशी जाऊन उभे राहिले. डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"कमल, मी आजच सोनगीरला जातो. तुझ्या माणसांशी बोलतो. माझं ऐकतील ते. माझा शब्द ते मोडणार नाहीत."

कमलने वर पाहिलं. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच भाऊंशी बोलली.

"तुम्ही बोलनात, म्हनीसनच तं मी आठे बठेल शे. आते बोलू नका."

ते बोलले होते म्हणूनच तर ती इथे बसली होती. भाऊ तसेच मागे सरले आणि टोपी हातात घेऊन निघून गेले.

वच्छलाबाईंनी सुई उकळत ठेवली, हात धुतले आणि कमलला आत घेतलं. दंडावरचा चट्टा आता जवळजवळ दिसत नव्हता. पस्तिसावी सुई दिली आणि वहीत लिहिली. मग त्या संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवून बसल्या. बाजार भरला आणि उठला. उरलेल्या नऊजणींपैकी त्या दिवशी कुणी आलं नाही, आणि पुढच्या मंगळवारीही आलं नाही.