बार्लीची गादी

नोव्हेंबरातला शनिवार. वाचनालय बंद व्हायच्या सुमारास लोर्ना टवाईट बालविभागाच्या आतल्या खोलीत गेली, ती बार्लीची गादी उचलायला. महिनाभर तिचा हात त्या गादीला लागत नव्हता.

बार्ली तिचा सोनेरी, म्हातारा कुत्रा. मिनेसोटातल्या त्या गावात वर्गात हसं होणारी, अडखळत वाचणारी पोरं दर शनिवारी येऊन त्याच्या पोटाला टेकत आणि त्याला गोष्टी वाचून दाखवत. तो कुणाची चूक काढत नसे.

ऑक्टोबरात लोर्ना बहिणीच्या ऑपरेशनला परगावी गेली होती. बार्ली सहायक बाईंकडे होता. वाचनालयाचे अध्यक्ष होलिस क्रेन यांना कुत्र्यांचा पहिल्यापासून तिटकारा. त्यांनी सांगितलं, कुत्रा त्या पोरांतल्या टिलीला चावला. लोर्ना परतेपर्यंत बार्लीला सुई टोचून कायमचं झोपवलं होतं. बोट रक्ताळलेल्या टिलीला विचारलं होतं म्हणे. पण टिली तोतरी. ती "त... त..." करत राहिली आणि मोठ्या माणसांना घाई होती.

लोर्नाने दार लोटलं आणि ती जागीच थांबली.

गादीवर टिली वाचत बसली होती. एका शब्दालाही न अडता. भिंत तिच्यापासून हातभर लांब होती, तरी ती आरामात मागे रेलली होती... कशाला तरी टेकून. खोलीत ओल्या केसांचा वास भरला होता.

"टिली..." लोर्ना पुटपुटली.

"तो चावला नव्हता, मिस लोर्ना," टिली सरळ म्हणाली. "मिस्टर क्रेननी रागाने दार आपटलं. माझं बोट सापडलं त्यात."

लोर्नाची भीती कुठल्या कुठे गेली. तिची कानशिलं तापली. तेवढ्यात मागे बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज आला.

"अजून हलवली नाही ती घाण?" क्रेन आत आले. "लोर्ना, खोली रिकामी करा म्हणून किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"दार कुणी आपटलं होतं, मिस्टर क्रेन?"

"कसलं दार? कुत्रा चावला तिला. मी डोळ्यांनी..."

दार त्यांच्यामागे हळूच लागलं. गादीच्या बाजूने गुरगुर आली. खोल, दबकी.

"कुणी आणलाय कुत्रा इथे?" क्रेन ओरडले. पण गादीवर टिलीखेरीज कुणी नव्हतं. त्यांनी कडी ओढली. दार हललं नाही. "तो चा... चा..." त्यांची जीभ अडली. गुरगुर जवळ आली. कपाळावर घाम फुटला. "चा..."

"सावकाश बोला," टिली म्हणाली. "त्याला घाई नसते."

भिंतीला पाठ लावून क्रेन खाली बसले. ओठ नुसतेच हलत राहिले. शेवटी एकेक शब्द सुटला.

"मी... आपटलं... दार. मुलीचा बाप कोर्टात जाईल... म्हणून..."

गुरगुर थांबली. कडी आपोआप सैल झाली.

"म्हणून?" लोर्ना त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमची खुर्ची वाचावी म्हणून माझा बार्ली मारलात? आणि हिला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीत? सोमवारी हे सगळ्या गावासमोर सांगायचं. अडखळलात तरी चालेल. आम्ही थांबू."

क्रेननी मान हलवली आणि ते पळालेच.

लोर्नाने टिलीला जवळ घेतलं. दोघी खिडकीपाशी उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या निळसर उजेडात क्रेन धडपडत गाडीत बसले. त्यांनी स्वतःकडचं दार लावून घेतलं. बाकीची दारं कुणी उघडलीच नाहीत.

तरी गाडीची मागची बाजू खाली दबली. कुणीतरी जड चढल्यासारखी. लोर्नाच्या तोंडून हुंदका फुटला, "बार्ली..."

मग गाडी पुन्हा दबली. आणि पुन्हा. आणि पुन्हा...

"मिस लोर्ना," टिलीने तिचा हात घट्ट धरला, "बाकीचे कुत्रे कुणाचे?"