पुढे कुंकू, मागे हळद

"चोर नाही सापडला तरी चालेल, ताई. माझी सून घरात आली पाहिजे."

खुर्चीत टेकायच्या आधीच सुगंधाबाईंनी हे सांगून टाकलं. चहा सांगायला उठलेले प्रेमराजनाना तसेच थांबले. नानांचा जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात गेला होता. निवृत्तीनंतर ते दिपमाला चौधरीच्या जळगावातल्या तपास कार्यालयात पडेल ते काम करत. माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, असा त्यांचा दावा होता. बाई खऱ्या आहेत, हे त्यांनी लगेच ठरवलं. सोबतचा मुलगा मात्र त्यांना घुम्या वाटला.

दिपमालाने नुकतंच तसबिरीपुढे निरांजन लावलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "सावकाश सांगा, अक्का. काय झालं?"

सुगंधाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. घरची केळीची बाग. बागेचे पैसे त्यांच्याच खात्यात असत. काल, गुरुवारी दुपारी, मुलाच्या म्हणजे योगराजच्या मोबाईलवर बँकेचे मेसेज एकामागून एक आले. धुळ्याला, देवपुरातल्या एका एटीएममधून कोणीतरी खातं धुऊन नेलं होतं.

"आणि कार्ड?"

"देवघरात, डबीत. सकाळी दिवा लावताना पाहिलं, सांजेलाही पाहिलं. कुठे गेलंच नाही ते."

"तू डबी पाहिली असशील, आई. कार्ड नाही," योगराज पहिल्यांदाच बोलला. "काल देवपुरात आमच्या घरचं एकच माणूस होतं. माझी बायको. ज्योतीचं माहेर तिथलं. भावाच्या मुलाचं बारसं होतं."

"तिला पिन माहीत होता?"

"घरात सगळ्यांनाच माहीत आहे. एटीएमच्या कॅमेऱ्यात हेल्मेट घातलेला माणूस दिसतो म्हणे. दिलं असेल कोणाच्या तरी हातात."

"तुम्ही तिला विचारलंत?"

"विचारायचं काय? फोन करून सांगितलं, परत येऊ नको. रविवारी दोन्हीकडची मोठी माणसं बसतील. नांदवायचं की सोडायचं ते ठरेल."

सुगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी तर बोलून ठेवलंय देवापुढे. ती उंबऱ्याच्या आत येत नाही तोवर भाकरीला मीठ लावणार नाही."

बँकेला फोन करून कार्ड बंद केलं होतं, पोलिसांत तक्रारही दिली होती. दिपमालाने मान डोलावली. "एवढं लगेच केलंत ते बरं केलं. कार्ड आणलंय?"

सुगंधाबाईंनी रुमालाची गाठ सोडली. नानांनी चष्मा सरसावला. कार्डावरच्या सोनेरी चौकोनावर कुंकू जाड वाळून बसलं होतं, एका कडेला जरा खरवडलेलं. दिपमालाने कार्ड उलटं केलं. पाठ हळदीने पिवळी होती. काळी पट्टी तेवढी कोरी करकरीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दर शुक्रवारी लक्ष्मीची पूजा झाली की लावते," सुगंधाबाई म्हणाल्या. "पुढे कुंकू, मागे हळद. तुपात कालवून, म्हणजे टिकतं. सोन्याचा चौकोन दिसला, म्हटलं लक्ष्मीची जागा हीच."

"हळद पट्टीवरही लावता?"

"सगळ्या पाठीवरून बोट फिरवते. आज मात्र हात नाही झाला."

"म्हणजे हे मागच्या शुक्रवारचं. त्यानंतर कार्ड कुठे कुठे वापरलंत?"

"शनिवारी. योगराजच्या गाडीवर जळगावला आले होते तेव्हा. आधी पेट्रोल भरलं. मग हा खताच्या दुकानात गेला, मी लुगडं घ्यायला गेले. शेवटी औषधाचं दुकान. दोन्हीकडे मशीन कार्ड घेईना, रोखच दिले. पण औषधवाला भारी भला माणूस हो! कार्ड आत नेऊन पुसून दिलं त्याने."

"पिन कोणाला सांगितलात?"

"दोघांनाही. मला ती बटणं दिसत नाहीत. मी आपली सांगून मोकळी होते. चार आकडे, त्यात काय लपवायचं?"

नानांनी कपाळाला हात लावला. दिपमालाने मोबाईलमध्ये कार्डाचे फोटो काढले, दोन्ही बाजूंनी.

पेट्रोल पंपावर स्वप्नील नावाचा तरतरीत मुलगा होता. योगराजची गाडी त्याच्या ओळखीची होती.

"आजीचं कार्ड? हो, कुंकवाचं! मी हातात पण घेतलं नाही. म्हटलं, आजी, मशीनला नुसतं टेकवा. टेकवलं, पावती आली."

"पिन?"

"एवढ्याशा पेट्रोलला पिन मागत नाही मशीन."

कापडाच्या दुकानात गल्ल्यावर नवल बसला होता. पाठीमागे मालक, पुढे गिऱ्हाइकांची झुंबड. बोलता बोलता तो तिघींना लुगडी दाखवत होता.

"घातलं कार्ड, मशीन नाही म्हणालं. परत घातलं, परत नाही. त्यात आजी मोठ्याने पिन सांगायला लागल्या. मी म्हटलं, आजी, अख्ख्या बाजाराला ऐकू जातंय! बघा ना, अजून लाल आहे." त्याने मशीनची चीर दाखवली. चिरेच्या तोंडाशी कुंकू लागलं होतं. बाजूची, कार्ड ओढायची खाच मात्र धुळीने भरली होती.

"ही वापरत नाही?"

"ती आता कोण वापरतं, ताई?"

"आजी आणखी काही बोलल्या? घरचं, सुनेचं?"

"या गर्दीत? लुगड्याचा काठ बारीक पाहिजे, एवढंच बोलल्या."

औषधाच्या दुकानात शांतता होती. मालक रुपचंद गोरागोमटा, अदबशीर. त्याने दिपमालाला बसायला स्टूल दिलं, नानांना पाणी दिलं.

"अरेरे! खातं रिकामं झालं? मावशी तर देवमाणूस आहेत. मशीन कार्ड घेत नव्हतं. त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. मी म्हटलं, थांबा, स्पिरिट आत आहे. कापसाने ती सोनेरी चिप लख्ख पुसली आणि आणून दिली. तरीही चाललं नाही, त्याला मी काय करणार?"

"फार केलंत. बाकी कुठे पुसलं नाही?"

"बाकीचं कशाला पुसायचं? चिपच वाचायची असते ना. अन् देवपूरचं बाळ बरं आहे? ग्राइप वॉटर नेलं होतं मावशींनी बारशाला."

"बरं असेल," दिपमाला म्हणाली. बाहेर पडताना नाना कुजबुजले, "हा एक सज्जन भेटला बुवा." दिपमाला नुसती हसली.

शनिवारी सकाळच्या एसटीने दोघं धुळ्याला गेले. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरातलं ज्योतीचं माहेर गाठलं. अंगणात बारशाचा मंडप अजून सोडला नव्हता. दारात ज्योतीची आई भिकुबाई उभी होती.

"मनी पोर चोर नई शे, ताई," ती साऱ्या गावाकडे हात करत आधीच म्हणाली. "बठ्ठा गाव तिले वळखस."

ज्योती आतून आली. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"गुरुवारी मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. बाळंतीण, बाळ, चाळीस माणसांचा स्वयंपाक. बारशाच्या घरातून कोण उठून एटीएमला जातं?"

"हे तुम्ही योगराजना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं आणि विश्वास ठेवला नसता, तर मी भांडले तरी असते. विचारलंच नाही, ताई. याचं काय करायचं?"

नानांना खाली बघावंसं वाटलं.

"तुम्ही गुरुवारी इथे येणार हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"घरात. इथे. आणि सासूबाई ज्याच्याजवळ निवांत बसल्या असतील त्याला. त्या जीव लावतात ना, मग सगळं सांगतात."

परतीच्या गाडीत नाना बोटांवर एकेक दुकान मोजत होते. पारोळा मागे पडल्यावर म्हणाले, "मला तर तो कापडवाला नवलच चोर वाटतो. पिन ऐकलाय, मशीन त्याच्याकडे, तोंडही चुरूचुरू चालतं."

"नाना, देव्हाऱ्यातली मूर्ती तुम्ही पुसता तेव्हा कपडा कसा फिरतो?"

"कसा म्हणजे? गोल गोल. पुसतो आपला."

"पट्टीने आखल्यासारखा सरळ नाही फिरत?"

"छे! पण तुम्ही मूर्तीचं काय काढलंत मधेच?"

दिपमालाने सायबर पोलिसांना फोन लावला.

रविवारी असोद्याला सुगंधाबाईंच्या ओट्यावर सतरंजी अंथरली होती. एका बाजूला योगराज आणि त्याच्याकडची वडीलधारी माणसं, दुसऱ्या बाजूला भिकुबाई आणि ज्योतीचा भाऊ. ज्योती खाली अंगणात तुळशीजवळ उभी होती, उंबऱ्यापासून दूर. कोपऱ्यात साध्या कपड्यातला एक हवालदार पाहुण्यासारखा बसला होता.

रुपचंद पिशवी घेऊन आला. सुगंधाबाईंच्या बीपीच्या गोळ्या घरी पोहोचवा, असा दिपमालाने त्याला निरोप दिला होता. एवढी माणसं पाहून तो थबकला.

"बसा ना," दिपमाला म्हणाली. "तुमचीच मदत हवी आहे. तुम्ही अक्कांचं कार्ड स्पिरिटने पुसलंत ना?"

"हो. चिप पुसली."

तिने पर्समधून एक कार्ड काढलं. "हे माझं जुनं, बंद पडलेलं. शुक्रवारी मी याला तुपातलं कुंकू लावून ठेवलं. आता वाळलंय. हा कापूस, हे स्पिरिट. तसंच पुसून दाखवा."

रुपचंदने कापूस एकदा फिरवला. कापूस लाल झाला. सोनेरी चौकोन लखलखला.

"आता हे बघा." दिपमालाने मोबाईलमधला फोटो सगळ्यांपुढे धरला. "हे अक्कांचं कार्ड, तुम्ही पुसल्यानंतरचं. कुंकू जसंच्या तसं! स्पिरिटचा बोळा या कार्डाला कधी लागलाच नाही. तुम्ही कार्ड आत नेलंत ते पुसायला नाही."

रुपचंदने कापूस खाली ठेवला.

"मग कशाला?" योगराजने विचारलं.

"कार्डाची पाठ बघा. अक्का सगळ्या पाठीवर हळद लावतात. इथे फक्त काळी पट्टी कोरी आहे, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाताने पुसलेलं असं दिसत नाही. कार्ड अरुंद खाचेतून ओढलं की असं दिसतं. त्या पट्टीत कार्डाची सगळी माहिती असते. बोटाएवढं यंत्र मिळतं, त्यातून कार्ड एकदा ओढलं की माहिती उतरते. मग कोऱ्या कार्डावर ती भरायची. एखाद्या जुन्या एटीएमला ते खरं वाटतं. फक्त पिन लागतो, आणि तो तर अक्कांनी स्वतःच सांगितला होता."

"पण पिन नवलनेही ऐकला होता," नाना न राहवून म्हणाले.

"ऐकला. पण त्याने चिपच घातली, म्हणून त्याच्या मशीनला कुंकू लागलं. ओढायच्या खाचेत धूळ होती, हळद नव्हती. आणि कार्ड अक्कांच्या डोळ्यांसमोरच राहिलं. पंपावर तर ते कोणी हातातच घेतलं नाही. नजरेआड गेलं ते एकाच दुकानात."

"आणि देवपूर?" योगराजचा आवाज खाली आला होता.

"गुरुवारी सून देवपूरला बारशाला जाणार, हे अक्कांनी ग्राइप वॉटर घेताना निवांत सांगितलं. यांनी मला बाळाची खुशालीही विचारली. पैसे जळगावातच काढले असते तर पोलीस जळगावातल्या दुकानांत फिरले असते. देवपुरात काढले, म्हणजे घरातलीच माणसं एकमेकांकडे बघत बसणार. तसंच झालं."

रुपचंद उठला. हवालदारही उठला. तेवढ्यात हवालदाराचा फोन वाजला. ऐकून घेऊन तो म्हणाला, "चला, साहेब. तुमच्या दुकानातल्या कापसाच्या खोक्यात यंत्र सापडलं. खाच हळदीने भरली आहे. हेल्मेटवाला तुमचा मेव्हणाही धुळ्यात मिळाला."

रुपचंदने एकदा सुगंधाबाईंकडे पाहिलं. "मावशी..."

"मी तुला दुवा दिला होता रे," त्या म्हणाल्या. एवढंच.

हवालदार त्याला घेऊन गेला. मग सुगंधाबाई दिपमालाकडे वळल्या. "म्हणजे मी हळद-कुंकू लावलं, ते चुकलं?"

"हळदीनेच सुनेची लाज राखली, अक्का. पण नवीन कार्ड आलं की डबीला लावा, कार्डाला नको. कुंकवाने मशीन अडतं, आणि मग कार्ड दुसऱ्याच्या हातात जातं. कार्ड डोळ्यांपुढून हलू द्यायचं नाही. मशीन आपल्या हातात मागून घ्यायचं. आणि पिन..."

"बटणं दिसत नाहीत मला."

"मोठ्या आकड्यांचं मशीन मागा, बोटाने मोजून दाबा, वरून पदर धरा. पण तोंडाने म्हणायचा नाही. गुरुमंत्र तुम्ही कोणाला सांगता का?"

सुगंधाबाईंनी कानाची पाळी धरली. "नाही बाई. तो कानातला कानातच."

योगराज ओट्यावरून उतरला. अंगणात जाऊन ज्योतीपुढे उभा राहिला. "चल घरात," तो पुटपुटला.

"आधी विचारा."

"काय?"

"जे तेव्हा विचारलं नाहीत ते."

सगळी माणसं ऐकत होती. योगराजचे कान लाल झाले. "ज्योती, तू पैसे काढलेस?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चुकलो मी."

ज्योतीने तुळशीला हात जोडले, पायऱ्या चढली आणि उंबरा ओलांडून आत गेली. सुगंधाबाई तिच्या मागोमाग गेल्या. नाना निघायला म्हणून उठले, तेवढ्यात आतून परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ज्योतीचा.

"आत्याबाई, मिठाचा डबा कुठे ठेवलाय हो? सापडतच नाही."

"थांब," सुगंधाबाई म्हणाल्या. "फळीवर मागे सारलाय. काढते."