बायकांची बाजू

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळावरचं, नॉर्वेहून येऊन वसलेल्यांचं चर्च एकोणीसशे अठ्ठावीसच्या फेब्रुवारीत बत्तीस घोडे जुंपून रेल्वेच्या गावाकडे निघालं. रूळ सहा मैलांवरून गेले होते, आणि रेल्वे नाही तिथं वस्ती टिकत नाही, हे एव्हाना देवालाही पटलं असावं. चोवीस वर्षांपूर्वी याच लोकांनी फळी फळी ठोकून ते उभारलं होतं. बर्फ टणक आहे तोवर अख्खं चर्च ओंडक्यांवर चढवून ओढून न्यायचं, असं सभेत ठरलं. हात पुरुषांनी वर केले. बायकांना विचारायची रीत नव्हती.

हाल्वर ब्रेक्के हा सुतार. वाटेत आत बसून तुळयांवर नजर ठेवायची आणि काही करकरलं तर घंटेचा दोर ओढून घोडे थांबवायचे, हे काम त्याच्याकडे आलं. सात वर्षांची सिग्ने बरोबर होती, कारण घरी तिला सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. तिची आई, बेरित, जानेवारीत गेली. जमीन लोखंडासारखी गोठलेली. वसंताशिवाय खड्डा खणणं शक्य नव्हतं. तोवर तिची शवपेटी जुन्या दफनभूमीतल्या खोपटात ठेवली होती. चर्च कधीही हलवा, पण मला पुरून झाल्यावर, एवढंच तिनं आजारपणात मागितलं होतं. हाल्वरनं हो म्हटलं होतं. ती गेल्यावर आठवड्यानं सभा भरली, आणि सगळ्यांबरोबर त्यानंही हात वर केला.

"फुकटात चाललायस बघ," दार ओढून घेताना शेजारचा एम्ब्रिक म्हणाला. "आम्ही घोड्यांच्या शेपट्या बघत चालायचं."

हाल्वर उजवीकडे, पुरुषांच्या बाकावर बसला. आई नसलेली पोर बापाजवळ बसते, म्हणून सिग्नेही तिथंच बसली. डावी बाजू बायकांची. ती रिकामी होती. चर्च कण्हत हललं. विझलेल्या मेणबत्त्यांचा आणि ओल्या लाकडाचा वास सुटला. भर दुपारीही थंडी एवढी, की दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

मैलभर गेल्यावर हाल्वरला तिसरी वाफ दिसली.

डावीकडे तिसऱ्या बाकावर, बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीला ती यायची, विरायची, पुन्हा यायची. ती जागा बेरितची. फटीतून भुरभुर बर्फ येत असेल, अशी हाल्वरनं मनाची समजूत घातली. पण बर्फ काही श्वासाच्या लयीत येत नाही.

"बाबा," सिग्ने कुजबुजली, "आई म्हणते, मुलींनी तिकडं बसायचं असतं."

"इथंच बस."

"तिला गार लागतंय..."

"तिकडं बघू नकोस, बाळा."

त्यानं तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात चर्च उताराला लागलं, माथ्यावरची तुळई कडाडली, आणि दोर ओढायला त्यानं तो हात सोडला. एकच टोला पडला. घोडे थांबले. वळून पाहतो तर सिग्ने तिसऱ्या बाकावर होती, कुशीत शिरावं तशी एका अंगाला कलंडलेली. टेकायला तिथं काहीच नव्हतं. तिच्या डोक्यावर ती वाफ आता भरभर येत होती, दाट, अधाशी.

हाल्वर त्या बाकाशी गेला. "बेरित... चुकलो मी," तो कसाबसा म्हणाला. "हिला नेऊ नकोस. एवढी एकच राहिलीय मला..."

वाफ थांबली. उत्तराची वाट न बघता त्यानं पोरीला उचललं, लाथेनं दार उघडलं आणि बर्फात उडी टाकली.

एम्ब्रिक धावत आला. काय मोडलं, असं विचारू लागला. काही नाही, हाल्वर म्हणाला. सिग्नेचे गाल लाल होते, ती हसत होती, कुठला घोडा आपला हे बोटानं दाखवत होती. हाल्वरचा जीव भांड्यात पडला.

घोड्यांच्या नाकपुड्यांतून, एम्ब्रिकच्या दाढीतून, त्याच्या स्वतःच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. सिग्ने अखंड बडबडत होती, आणि तिच्या ओठांपुढची हवा स्वच्छ होती. हाल्वरनं गळ्यातला लोकरी पट्टा काढला आणि कुणाचं लक्ष जायच्या आत तिच्या नाकातोंडावरून घट्ट गुंडाळला.