लख्ख उन्हातला बंद पंखा

सन २०४३. मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेदहा वाजता केतकी जगदाळेच्या घरातला पंखा बंद पडला.

दुसऱ्या कुठल्या गावात याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण हे हिंगणमाळ होतं. एकशे बारा घरांचं गाव, आणि एकशे बाराही छपरांवर सौरपॅनेल. पाऊस कमी, जमीन मुरमाड, पण ऊन मात्र भरपूर, आणि त्या उन्हाचाच गावाला अभिमान होता. पाहुणा आला की त्याला चहा नंतर मिळायचा, आधी गच्चीवर नेऊन पॅनेल दाखवली जायची. अकरा वर्षांची केतकी तर दर रविवारी आपल्या घरची पॅनेल ओल्या फडक्याने पुसून काढायची. त्या दिवशीही तिने ती नुकतीच पुसली होती.

ती धावत गच्चीवर गेली. ऊन डोळ्यांत खुपावं इतकं लख्ख होतं. पॅनेल जागच्या जागी होती. मग खाली येऊन तिने भिंतीवरचा इन्व्हर्टर पाहिला (पॅनेलमधून येणारी, एकाच दिशेने वाहणारी वीज घरातल्या पंख्या-दिव्यांना चालेल अशा विजेत बदलणारं यंत्र). त्यावर लाल दिवा लागला होता आणि खाली अक्षरं होती : ‘ग्रीड नाही’.

ग्रीड म्हणजे वीजकेंद्रापासून गावोगावी पसरलेलं तारांचं जाळं, एवढं केतकीला माहीत होतं. कारण तिची आई त्याच जाळ्यावर काम करायची. कोमल जगदाळे हे तिचं नाव. पंचक्रोशीत सगळे तिला वायरमनताई म्हणत. खांबावर चढणारी या भागातली ती पहिली बाई. शाळेत कुणी ‘तुझी आई काय करते’ असं विचारलं, तर केतकी उत्तर द्यायच्या आधी मान थोडी वर करायची.

आईचा फोन वाजलाच होता. कालव्याजवळ ऊसतोडणीच्या एका स्वयंचलित यंत्राने वळताना विजेचा खांब आडवा केला होता. आईने हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि जाड हातमोजे उचलले. केतकीने तिला दारातच गाठलं आणि विचारलं, की खांब पडला तो तिकडे तीन किलोमीटरवर. ऊन इथे आहे, पॅनेल इथे आहेत, मग आपला पंखा का बंद पडला?

“मुजावर सरांकडे जा,” आई गाडीवर बसता बसता म्हणाली. “याचं उत्तर त्यांच्या घरात भिंतीला लावलेलं आहे.”

अब्दुल मुजावर सर शेजारीच राहत. तालुक्याच्या आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं मुलांना वीजतंत्री केलं होतं. केतकीची आई त्यांचीच विद्यार्थिनी, त्या वर्षीच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. निवृत्त झाल्यावर गुडघे दुखायला लागले, पण घरात काही उघडून बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

केतकी त्यांच्या उंबऱ्यात पोचली आणि थबकलीच. सरांचा पंखा गरगर फिरत होता.

तेच ऊन, तीच पॅनेल. दोन घरांमध्ये एक भिंत, आणि एका घरात वारा नि दुसऱ्यात उकाडा. ती काही विचारणार एवढ्यात फाटकाशी विजेवर चालणारा ट्रॅक्टर येऊन थांबला. त्यावर दिगंबरकाका होते. गावाच्या टोकाला त्यांचं अंडी उबवायचं केंद्र होतं. घाम पुसत त्यांनी सरांना हाक मारली आणि विचारलं, की एखादी तीन पायांची पिन जास्तीची आहे का. एक आहे त्यांच्याकडे, अजून एक हवी. सरांच्या डब्यात पिना कुठे असतात ते केतकीला ठाऊक होतं. तिने पटकन एक काढून काकांच्या हातात दिली. “लई उपकार झाले, पोरी,” म्हणत ते निघूनही गेले.

मग सर तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. भिंतीला एक पांढरी पेटी होती, लहान कपाटाएवढी. ती त्यांची बॅटरी. दुपारी पॅनेल जास्तीची वीज करतात तेव्हा ती भरते, आणि संध्याकाळी ऊन गेलं की तिच्यातून दिवे लागतात. म्हणूनच सर कपडे धुण्याचं यंत्र आणि पाण्याची मोटर दुपारीच चालवत, आणि बॅटरी संध्याकाळसाठी राखून ठेवत. केतकीला वाटलं, कोडं सुटलं. बॅटरी आहे म्हणून पंखा चालतो. पण सरांनी मान हलवली. ते म्हणाले, बॅटरी रात्रीसाठी लागते हे खरं. पण आत्ता तर ऊन आहे. तुझ्या पॅनेलमध्ये आत्ता वीज तयार असूनही इन्व्हर्टर ती का देत नाही, हा खरा प्रश्न आहे.

“तू शाळेच्या लेझीम पथकात आहेस ना? पावलं कशावर टाकता?”

“हलगीवर.”

“हलगी थांबली तर?”

“मग आम्हीपण थांबतो. नाहीतर सगळ्यांचं चुकतं.”

सर खूश झाले. त्यांनी सांगितलं, की तारांमधली वीज एका दिशेने वाहत नाही. ती पुढे-मागे, पुढे-मागे झुलते, सेकंदाला पन्नास वेळा. सगळ्या देशाच्या जाळ्यात हा एकच ताल चालू असतो. साधा इन्व्हर्टर लेझीम खेळणाऱ्यासारखा असतो. तो तारेतून येणारा ताल ऐकतो आणि त्यावर बरोबर पाऊल टाकून आपली वीज मिसळतो. खांब पडला, ताल बंद झाला, की दोन सेकंदांच्या आत तोही थांबतो. सरांच्या घरचा इन्व्हर्टर वेगळा. त्याला बॅटरीची साथ आहे, म्हणून तो स्वतःच हलगी वाजवू शकतो. ताल तोच धरतो, आणि मग छपरावरची पॅनेल त्याच्या तालावर चालतात.

“मग सगळ्यांच्याच घरी हलगीवाला का नाही बसवत?”

“बसवताहेत की, हळूहळू. पण त्याआधी हे लागतं.” सरांनी बॅटरीशेजारच्या चौकोनी डब्यावर बोट ठेवलं. जाळ्यातली वीज गेली की आतला खटका आपोआप उघडतो आणि घराचा तारांशी असलेला संबंध तोडतो. मग घर म्हणजे एक बेट. आतली वीज आत. बाहेर एक कणही जात नाही.

बाहेर गेली तर काय बिघडलं, असं केतकीने विचारलं. आपली जास्तीची वीज एरवी तर बाहेर जातेच.

सरांनी कागदावर चित्र काढलं. एक घर, एक खांब, आणि गावाचं रोहित्र (विजेचा दाब कमी-जास्त करणारं यंत्र; गावात त्याला डीपी म्हणतात). मोठ्या तारांमधली अकरा हजार व्होल्टची वीज डीपीत येते आणि तिथून उतरून सव्वादोनशे-अडीचशेवर घरात येते. हे तिला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते सरांनी आता सांगितलं : डीपीला पुढचं-मागचं कळत नाही. घराच्या बाजूने वीज आत शिरली, तर तोच डीपी तिला चढवून अकरा हजार करतो आणि मोठ्या तारेत सोडतो. ज्या तारेला सगळे मेलेली समजत असतात, ती जिवंत होते.

केतकीने चित्राकडे पाहिलं. मोठी तार कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. तिने पेन्सिल घेऊन ती मनातल्या मनात पुढे वाढवली, शाळेवरून, ओढ्यावरून, कालव्यापर्यंत. तिथे आई होती.

“म्हणून आपला इन्व्हर्टर थांबतो,” ती हळू म्हणाली. “आईसाठी.”

“तुझ्या आईसाठी. आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.” सर म्हणाले, की कोमल तारा जमिनीला जोडून घेतल्याशिवाय हात लावत नाही, त्यांनीच तिला ते शिकवलं आहे. पण तिने तिची काळजी घेतली म्हणून आपण आपली घ्यायची नाही, असं होत नाही.

केतकीच्या डोक्यात काहीतरी खुपत होतं. दिगंबरकाकांच्या छपरावर पॅनेल होती, पण बॅटरी नव्हती. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता. शेतात कडबा-कुट्टीचं यंत्र चालवायला त्या ट्रॅक्टरच्या सीटखाली विजेचं सॉकेट होतं. म्हणजे ट्रॅक्टरही हलगीवालाच. आणि काकांना पिना हव्या होत्या. एक नाही, दोन.

“सर, वायरीच्या एका टोकाला पिन असते. दोन्ही टोकांना कशाला लागेल?”

सरांचा चेहरा बदलला. एक टोक ट्रॅक्टरच्या सॉकेटमध्ये, दुसरं भिंतीतल्या. ट्रॅक्टरची वीज भिंतीतून घरात शिरणार, आणि काकांचा मेन स्विच चालू असेल तर घरातून खांबावर, खांबावरून डीपीत. एवढंच नाही. तो ताल तारेतून शेजारपाजारी पोचला, तर मिनिटभर ऐकून तिथले इन्व्हर्टरही जागे होऊन त्यात पावलं टाकू लागणार.

सरांनी काकांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. आईचा फोन तर खांबाखालच्या पिशवीत असणार. वर चढताना ती कधीच जवळ ठेवत नसे. सर काठी शोधायला उठले, तोपर्यंत केतकी फाटकाबाहेर पडली होती.

ती कशी पळाली हे तिला नंतर सांगता आलं नाही. पिन आपण दिली, एवढं एकच तिच्या मनात होतं.

दिगंबरकाका केंद्राच्या भिंतीशी उकिडवे बसून दुसऱ्या पिनेचा शेवटचा स्क्रू पिळत होते. ट्रॅक्टर शेजारीच उभा होता. केतकीने धापा टाकत त्यांना थांबायला सांगितलं. काकांनी वर न बघताच सांगितलं, की आत बाराशे अंडी आहेत, विसावा दिवस आहे, उद्या पिल्लं फुटणार. या दिवसांत अंड्यांतली पिल्लंच ऊब सोडतात. पंखा बंद राहिला तर आतली हवा कोंदून ती अंड्यातच गुदमरतील. पाऊण तास होऊन गेलाय. ते चिडले नव्हते, घाबरले होते.

त्यांनी वायर उचलली.

“काका, तारेवर माझी आई आहे.”

काकांचा हात थांबला. त्यांनी वायरीकडे पाहिलं, मग भिंतीतल्या सॉकेटकडे, मग दारावरून खांबाकडे जाणाऱ्या तारेकडे. विजेतलं त्यांना फारसं कळत नसे, पण त्या तारेवरून त्यांची नजर कालव्यापर्यंत गेली, ते केतकीला दिसलं. त्यांनी वायर खाली ठेवली आणि ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली.

केतकी दाराशेजारच्या मेन स्विचपाशी गेली. आईने शिकवल्याप्रमाणे तिने पायातली चप्पल पाहिली, हात फ्रॉकला कोरडे पुसले आणि तो जड लोखंडी दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. खाडकन आवाज झाला. आता केंद्र बेट झालं होतं. तरी तिचं समाधान होईना. काकांच्या अंड्यांच्या नोंदवहीतलं एक पान मागून तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘हा खटका चालू करू नये. तारेवर माझी आई आहे.’ ते पान तिने दांड्याला सुतळीने बांधलं.

तेवढ्यात सर लंगडत पोचले. दोन पिनांची ती वायर त्यांनी आधी तोडून टाकली. उघड्या पिनांची वायर पुढे कधी कुणी करायची नाही, असं काकांना बजावलं. मग मेन स्विच बंद असल्याची स्वतः खात्री करून, बोर्ड उघडून ट्रॅक्टरची वीज नीट जोडून दिली. उबवणी यंत्रातले पंखे घरघरले. मिनिटभराने छपरावरच्या पॅनेलच्या इन्व्हर्टरला ट्रॅक्टरचा ताल सापडला, त्याचा लाल दिवा हिरवा झाला, आणि ट्रॅक्टरच्या पडद्यावर भराभर उतरणारा बॅटरीचा आकडा स्थिर झाला. आता बाराशे अंडी उन्हावर चालली होती. काका दारातच खाली बसले आणि बराच वेळ नुसते पंख्यांचा आवाज ऐकत राहिले.

दीड वाजता आई थेट केंद्रावर आली. नवा खांब उभा राहिला होता, लाइन सुरू झाली होती. सरांनी तिला रस्त्यातच फोनवर सगळं सांगितलं होतं. तिचे कपडे धुळीने माखले होते, गालावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ उमटला होता. ती सरळ मेन स्विचपाशी गेली आणि त्यावरचं पान वाचलं. एकदा वाचून पुन्हा वाचलं. मग तिने भिंतीला हात टेकला.

काका म्हणाले, वायरमनताई, माझ्याकडून आज भलतंच झालं असतं. आईने त्यांना सांगितलं, की बॅटरीचा आणि आपोआप उघडणाऱ्या खटक्याचा अर्ज आजच भरू. ज्यांच्याकडे वीज गेली की अडणारी यंत्रं आहेत त्या प्रत्येकाकडे ते आधी बसायला हवेत, हे ती कार्यालयात स्वतः मांडणार होती. तोवर सरांनी ट्रॅक्टरची जोडणी सोडवली होती. केतकी बाजूला उभी होती. आई स्विच चालू करेल म्हणून ती वाट बघत होती. पण आईने दांड्याला हात लावला नाही.

“आमच्या कामात एक नियम आहे,” ती म्हणाली. “ज्याने खटका बंद केला, त्यानेच तो चालू करायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग तो साहेब असला तरी.”

केतकीने सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली.

“तारेवर कोण आहे?” केतकीने विचारलं.

“कुणी नाही. सगळे खाली उतरलो, मी मोजलेत.”

केतकीने सुतळी सोडली, पान काकांच्या हातात दिलं आणि दांडा वर ढकलला.

घरी जाताना आई डीपीपाशी थांबली. पुढच्या वर्षी इथे सगळ्या गावाची मिळून एक मोठी बॅटरी येणार होती आणि शेजारी गावाचा खटका. मग खांब कुठेही पडो, एकशे बारा घरांचं मिळून एकच बेट होईल आणि आपल्याच उन्हावर चालेल. केतकीने विचारलं, तो खटका कोण बसवणार.

“मी,” आई म्हणाली. “आणि तू माझ्याबरोबर येणार. आधी हातमोजे घालायला शिकवते, चल.”